लाल कोटाची साळूबाई

डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल. आवाज मात्र राहणार नाही. स्वरयंत्रच काढावं लागेल."

हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, म्हणून मुक्ता आत्याला राग आला.

"घसा माझा हाय. तिला काय सांगता?"

तिचा आवाज तेव्हाच जुन्या चाळणीतून कोंडा पडावा तसा झाला होता. डॉक्टर ओशाळले. खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाले, "आजी, सोमवारी भरती व्हा. मंगळवारी ऑपरेशन करू."

"म्हंजी रविवारपर्यंत बोलता येईल मला?"

"शक्यतो कमी बोला."

"आता कमी बोलून उरलेलं कुठं ठेवू, बँकेत?"

डॉक्टर हसले. शेजारची सिस्टर हसली. मी हसले नाही, कारण करमाडला आमच्या वस्तीत ज्या आवाजावर पहाटेची जाती फिरली, जयंतीला विहाराच्या पायऱ्यांवर ज्या आवाजाला बाया हात जोडून उभ्या राहिल्या, तो आवाज आता आठवडाभराचा पाहुणा होता. रिक्षात बसल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "शेळ्या हाकायचा तर आवाज. गेला तर गेला. तू डोळे पूस, रिक्षावाला मागं बघायलाय."

मी डोळे पुसले आणि मनाशी ठरवलं. आत्याचं मोकळं हसू मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. रविवारच्या आत ते एकदा ऐकायचं. आणि ते ऐकायचं तर ते कार्टून सापडायला हवं होतं.

आमचे दादा, म्हणजे वडील, साहेबराव, चिकलठाण्याच्या कंपनीत होते. कायमची रात्रपाळी. त्यामुळे आमच्या घरात दिवसा रात्र असायची. दादा सकाळी येऊन भाकरी खाऊन झोपले की घर पाय न वाजवता चालायचं. दाराच्या कडीला चिंधी बांधलेली. ताटाखाली फडकं. शेळीच्या गळ्यातली घंटा दुपारपुरती काढून खुंटीला. मी चार वर्षांची असताना आई गेली. आत्या त्याआधीच सासर सोडून आली होती, किंवा खरं सांगायचं तर दादाच तिला एका बोचक्यासकट जाऊन घेऊन आले होते. तिनंच आम्हा दोघा भावंडांना मुक्यानं खेळायला शिकवलं, मुक्यानं भांडायला शिकवलं. आणि ती स्वतः हसायची ती तोंडात पदराचा बोळा कोंबून. खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज मात्र पदरातच जिरायचा.

सगळ्यात जास्त ती हसायची त्या कार्टूनला. दादांनी शहागंजातून जुना रंगीत टीव्ही आणला होता. कडुबानं गावात नवीनच केबल टाकली होती. दुपारी जेवणं झाली की राजेंद्रभैया आणि मी टीव्हीपुढं पार नाक लावून बसायचो, आत्या मागं वाकळ शिवत बसायची, आणि पडद्यावर साळूबाई यायची.

साळूबाई लांब नाकाची. लाल कोट, पायात उंच बूट, हातात हिरवी बाटली. सात मजली घरात वर राहायची. तिचा एक बोका, एका डोळ्यानं आंधळा. त्याचं नाव फौजदार. खिडकीत एक गोल माणूस पेटी वाजवत बसायचा. आणि साळूबाईला भाऊ किती! रोज एक नवा भाऊ टोपी काढून दारात उभा. ती त्याला जवळ घेऊन कानात काहीतरी सांगायची. आणि ती सारखी गायची:

*लाल कोटाची साळू माझी, निघाली कामावरी,*
*बोका बसला उंबऱ्यात, म्हणे ये गं लवकरी.*

एवढं सगळं ध्यानात होतं. नावच तेवढं ध्यानात नव्हतं.

मी आता शहरात राहते, गुलमंडीत पडद्यांच्या कापडाच्या दुकानात हिशेब बघते. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. मंगळवारपासून मी मोबाइल घेऊन बसले. 'जुनं मराठी कार्टून', 'लांब नाकाची बाई मराठी कार्टून', 'साळूबाई आणि बोका'. काही म्हणजे काही नाही. जुन्या टीव्हीच्या वेड्या लोकांचा एक ग्रुप सापडला, त्यावर सगळं सविस्तर लिहिलं. उत्तरं आली. एकानं लिहिलं, "ताई, त्या काळात मराठीत असं कार्टूनच नव्हतं." दुसऱ्यानं लिहिलं, "ताप आला असेल तेव्हा." तिसऱ्यानं नुसताच हसरा चेहरा टाकला.

वाळूजला राजेंद्रभैयाला फोन लावला.

"भैया, साळूबाई आठवते का?"

"न आठवायला काय झालं? लाल कोट. फौजदार बोका. तिला ते बारा-पंधरा भाऊ. मला लई राग यायचा, एवढ्या जणांना ती ओवाळणार कवा?"

"मराठीतच होती ना?"

"शंभर टक्के. मराठीत कसली, आपल्या बोलीत! 'आरं मुडद्या, दूध सांडलंस' म्हणायची ती बोक्याला."

"मग सापडत कसं नाही?"

"तुला शोधता येत नसंल. हिशेब बघणाऱ्या बायांना सगळं आकड्यातच लागतं," असं म्हणून त्यानं स्वतः शोधायला घेतलं आणि संध्याकाळी मुकाट्यानं मेसेज टाकला: नाय बाबा, सापडत नाय.

शुक्रवारी मी अर्धी सुट्टी घेऊन करमाडला गेले. आधी गेले कडुबाकडे. आता त्यानं केबल सोडून जालना रोडवर रसवंती टाकली आहे. मला बघून त्यानं गाळलेला रस पुन्हा गाळला आणि त्यात लिंबू पिळलं.

"कडुबा भाऊ, दुपारी एक कार्टून लागायचं. लाल कोटाची बाई."

"व्हय व्हय. आठवतंय की. त्यापायी तर शिव्या खाल्ल्या मी."

मी गिलास खाली ठेवला. "खरंच होतं ना ते?"

"होतं म्हंजी? डिश जरा वाऱ्यानं वाकडी झाली आन ते कुठलं परदेशी चॅनल फुकटात घावलं. कुठला देश ते काय मला कळलं नाय. कुणाला काय कळायचं नाय त्यातलं. नुसतं खुर्र खुर्र बोलायचे. पुढं वरच्या आळीच्या गुरुजींनी बघितलं आन माझ्या अंगावर धावून आले. म्हणले, ही मोठ्या माणसांची चित्रं हायती, पोरं बघायलीत. मग बंद केलं."

"परदेशी? भाऊ, मराठीत होतं ते."

कडुबा चरकाची मूठ धरून थांबला. "ताई, त्या टायमाला डिशशी मराठीत फक्त मी बोलायचो, आन ते बी तुमच्यापुढं सांगता येणार नाय असं."

मी घरी गेले ती गोंधळूनच. दादा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी त्यांना झोप लागत नाही. उलटी घडी शरीराला बसली ती बसलीच. मी त्यांना कडुबाचं बोलणं सांगितलं आणि म्हटलं, "त्याला काही आठवत नाही. आम्ही दोघांनी कानांनी ऐकलंय."

दादांनी शेंग खाली ठेवली.

"कानांनी ऐकलं ते खरं. पण टीव्हीचा आवाज? माझ्या झोपेच्या वक्ताला या घरात टीव्हीचा आवाज कवा निघाला गं? शेळीची घंटा काढून ठेवायची ती. टीव्ही बरा बोलू देईल."

मी ओट्याच्या कडेला बसले.

"मुकाच असायचा टीव्ही," दादा म्हणाले. "बोलायची ती. हळू, पार दबक्या आवाजात, तुमच्या मागं बसून. बोका आला की बोक्यासारखी, गडी आला की गड्यासारखी. मधूनच ओवी. मी आतल्या खोलीत ऐकत पडायचो."

"तुम्ही जागे असायचा?"

"तेवढा अर्धा घंटा. तिला सांगू नको. उगं तिला वाटंल, झोपमोड झाली माझी." मग शेंगा पुन्हा हातात घेऊन म्हणाले, "तुझी आई गेल्यावर मला कंपनीत उभं राहता येत नव्हतं, करुणा. त्या साळूबाईचं पुढं काय झालं म्हणून मी दुसऱ्या दिवशी घरी यायचो."

मी परसात गेले. आत्या लिंबाखाली बाजेवर बसून लसूण सोलत होती. मी तिच्या पायाशी बसले.

"आत्या, साळूबाई तू बोलायचीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलंय, भाकरी तू भाजायचीस का?

"मग काय टीव्ही बोलायचा? तुझा बाप उठला असता."

"आम्हाला वाटत होतं ती टीव्हीतून बोलते."

"तुमची तोंडं टीव्हीकडं. माझ्याकडं कोण बघत होतं?" ती हसली आणि लगेच खोकली. "आन बरंच झालं. नाकं शेंबडी होती तुमची."

मी तिच्या मांडीवरच्या लसणाच्या चार पाकळ्या घेऊन सोलू लागले.

त्याच संध्याकाळी मी त्या ग्रुपवर नव्यानं लिहिलं. या वेळी कानांनी ऐकलेलं सगळं वगळलं. साळूबाई नाव वगळलं, फौजदार वगळला, ओव्या वगळल्या, भाऊ वगळले. नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं ठेवलं: लांब नाक, लाल कोट, सात मजली घर, एका डोळ्याचा बोका, खिडकीत पेटीवाला गोल माणूस, दारात टोपीवाले पुरुष, हिरवी बाटली. शहरात परत पोचायच्या आत उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातल्या म्हाताऱ्या गृहस्थानं दोन भाग पाठवले होते, आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, हे आमच्याकडे मोठ्यांसाठी होतं, तुम्ही लहानपणी कसं काय पाहिलंत?

शनिवारी दुकान उघडायच्या आधी, पडद्यांच्या ताग्यांमागे बसून, मी पहिला भाग आवाजासकट लावला. खाली इंग्रजीत अक्षरं येत होती. आधी मी लाजले, मग कान गरम झाले, मग भाग अर्ध्यातच सोडून मोबाइल उलटा ठेवला.

ते भाऊ भाऊ नव्हते. ती कानात काही सांगत नव्हती. हिरव्या बाटलीत दारू होती. आत्या तिला 'खोकल्याचं औषध' म्हणायची, आणि भैयाला खोकला झाला तेव्हा त्यानं हिरव्या बाटलीसाठी हट्ट धरला होता. पेटीवाला गोल माणूस तिचा नवरा होता. तो उठून बाईला तव्यानं मारायचा, एकदा, दोनदा, आणि मागं हसण्याचे आवाज यायचे. ते मारणं मला आठवत होतं. आत्या तेव्हा म्हणायची, "माशा लई झाल्यात बाई यांच्यात. माशा मारायलाय त्यो."

आम्ही दोघं किती दिवस माशाच शोधत होतो पडद्यावर.

तिला त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. पण तो तवा तिला कळला नसेल का? दादांनी बोचक्यासकट आणलेल्या बाईला? सुई वाकळीत तशीच ठेवून, पुढ्यात बसलेल्या दोन आई नसलेल्या लेकरांकडे बघत, तिनं तेवढ्या क्षणात तव्याची माशी केली. मी ताग्यांमागे बसून मनातल्या मनात तिच्या पायावर डोकं ठेवलं.

रविवारी भैया वाळूजहून मटण घेऊन आला. आत्यानं चुलीपुढं कुणाला उभं राहू दिलं नाही. "परवापासनं नळीनं पिणार हाय मी. आज माझ्या हातचंच खाणार," असं म्हणून घसा धरत धरत तिनं सगळं केलं, आणि खाल्लं मात्र चार घास, तेही रश्श्यात कुस्करून. जेवणं झाल्यावर भैयानं मोबाइल टीव्हीला जोडला. मी आणि भैया खाली बसलो. या वेळी आम्ही टीव्हीकडे पाठ केली आणि आत्याकडे तोंड केलं.

"हे काय? तिकडं बघा की."

"तिकडचं पाठ आहे आमचं," भैया म्हणाला. "तू बोल."

दादा आतल्या खोलीकडे निघाले होते. आत्या म्हणाली, "कुठं चाललास साहेबू? ये, इथं बस. आतनं किती दिवस ऐकशील?"

दादा जागच्या जागी उभे राहिले. माझ्याकडे रागानं बघू लागले. मी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं.

"तिच्याकडं काय बघतोस? झोपलेला माणूस घोरतो. तू त्या अर्ध्या घंट्यात कवा घोरला नाय."

दादा खुर्ची ओढून बसले. भैयानं टीव्हीचा आवाज बंद केला. लाल कोट पडद्यावर आला, तशी मला राहवेना, मी अर्धी वळून दोन्हीकडे बघू लागले.

आत्याचा आवाज पहिल्यांदा नुसता हवेसारखा निघाला. तिनं पाण्याचा घोट घेतला, पदर सारखा केला, आणि मग चाळणीतून का होईना, ती पडू लागली, आमची साळूबाई:

*उंच उंच माडी हिची, जिने चढू गं मी किती,*
*दाराशी भाऊ उभा, धरी पिशवी एका हाती.*

"भाऊ?" भैया म्हणाला. "आत्या, आता आम्ही मोठे झालो."

"गप. माझ्यापुढं भाऊच हाय त्यो." आणि लगेच जाड आवाजात, "ताई, मळ्यातनं वांगी आणलीत गं." पडद्यावर तो गडी साळूबाईच्या गळ्यात पडला होता. दादांनी छताकडे बघितलं. भैया हसून लोळला. बोक्यानं दूध सांडलं, त्याला "आरं मुडद्या" झालं. हिरव्या बाटलीचं औषध झालं.

मग गोल माणसानं पेटी खाली ठेवली. त्यानं तवा उचलला.

आत्या थांबली. मला वाटलं घसा दुखला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं तो हातानं बाजूला सारला. ती पडद्याकडे बघत होती. तवा वर गेला, खाली आला. दादांनी मान खाली घातली होती.

"माशी नाय ती," आत्या म्हणाली.

पडद्यावर साळूबाई भिंतीला लागून उठली. तिनं लाल कोटाच्या बाह्या वर सारल्या. हे मला आठवतच नव्हतं, कदाचित आमच्या डोळ्यांपुढं तेव्हा आत्यानं काहीतरी आडवं धरलं असेल. साळूबाईनं त्याच्या हातातून तवा हिसकला.

"मारायलाय मेला तिला," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज कुठून आला कोण जाणे, जात्यावरचा, जयंतीच्या पायऱ्यांवरचा, अख्खा. "दे गं साळू! दे त्याला एक! बघतीस काय, दे!"

आणि साळूबाईनं दिला. तवा असा बसला की गोल माणूस पेटीत अडकला, पेटी खिडकीतून खाली, पेटीच्या मागं तो, सात मजले घरंगळत, प्रत्येक मजल्यावर पेटी एक सूर काढत असणार, आणि बोका वरून वाकून बघतोय.

आत्या हसली. हात पदराकडे गेला होता, सवयीनं. तो अर्ध्यात थांबला आणि मांडीवर आपटला. केवढं मोठं हसू होतं ते. फाटकं, घोगरं, मधेच शिट्टी वाजल्यासारखं, मधेच खोकल्यानं अडखळून पुन्हा उसळणारं. परसातली शेळी ओरडली. शेजारची गीताबाई भिंतीवरून डोकावली, "काय झालं गं मुक्ते?" तर आत्याला सांगता येईना, ती नुसतीच टीव्हीकडे बोट दाखवून हसत राहिली. दादा हसत होते. डोळे पुसत होते आणि हसत होते.

मी मोबाइल काढून ते टिपून घ्यायचं ठरवलं होतं. हात उचललाच गेला नाही. मी ऐकत बसले.

मंगळवारचं ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर बाहेर आले आणि या वेळी सगळ्यांकडे बघून म्हणाले, "तुमची आजी भारी आहे. भूल द्यायच्या आधी आम्हाला विचारत होती, तुमच्यातलं कुणी गातं का?" मी त्यांचे हात धरले. ते अवघडले, पण हात सोडवून घेतले नाहीत.

शनिवारी आत्या वॉर्डात उशीला टेकून बसली. गळ्यात नळी, त्यावर जाळीचा कपडा. चेहरा उतरलेला, डोळे मात्र तेच, खोडसाळ. मी तिला त्या परदेशी गृहस्थानं पाठवलेला दुसरा भाग लावून दिला, आवाज बंद करून, कारण शेजारी पेशंट झोपले होते. समोरच्या खाटेवर पैठणकडच्या चंपाबाई होत्या. त्यांना राहवेना. सलाईनची नळी सांभाळत उठून आल्या आणि आमच्या खाटेच्या कडेला टेकल्या.

"काय म्हणतीय गं ती बाई?"

"कळत नाही हो मावशी. परदेशी भाषा आहे."

आत्यानं माझ्या मनगटावर चापट मारली. जोरात. मी वर बघितलं, तर ती माझ्या तोंडाकडे बोट दाखवत होती.

"मी? आत्या, मला नाही जमायचं. मला ओव्या येत नाहीत."

दुसरी चापट.

पडद्यावर साळूबाई एका बोटीच्या शिडीवर चढत होती, काखेत बोका, दुसऱ्या हातात पेटी. मी घसा खाकरला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, बघितलं. चंपाबाई डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"चला फौजदारसाहेब," मी हळूच म्हटलं, "सामान सांभाळा. बोट सुटायलीय."

आत्यानं हात हलवला. असं नाही, मोठ्यानं.

"आरं ए बोटवाल्या!" मी म्हटलं. "मधी मधी काय उभा राहायलास, सरक की! माझ्या बोक्याला चक्कर येती!"

चंपाबाई फिसकन हसल्या. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी कूस बदलून विचारलं, काय चाललंय? आणि आत्याचे खांदे हलू लागले. तोंड उघडं, दात दिसत होते, डोळ्यांतून पाणी.

तेवढ्यात सिस्टर धावत आल्या. "अहो ताई, हसवू नका त्यांना. टाके ताजे आहेत."

आत्यानं त्यांचा हात धरला आणि खाटेवरची थोडी जागा थोपटून दाखवली. बस म्हणाली.